जुन्या टुरिंग मोटरसायकलच्या इंजिनातून वेगळा आवाज येतोय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठे इंजिन, रुंद फेअरिंग (पुढचे आवरण), दोन्ही बाजूंना पॅनियर (सामानाच्या पेट्या) आणि ओडोमीटरवर भरपूर किलोमीटर. अशा गाडीतून एक दिवस नवाच आवाज येऊ लागतो आणि मालकाची झोप उडते. अशा गाड्या चालवणारे आणि स्वतः पाना हातात घेणारे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, कशाने वाढतो आणि काय केले की थांबतो, हे आधी शोधा. नुसते 'टकटक येते' म्हटले तर दहा शक्यता उरतात. 'क्लच दाबला की बंद होते' असे सांगितले की दोन-तीनच उरतात.

गाडी पंचवीस-तीस वर्षांची आहे. थोडाफार आवाज येणारच ना?

येणारच. काही गाड्या तर शोरूममधून बाहेर पडल्या तेव्हाही आवाज करत होत्या. एअर-कूल्ड इंजिनात सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण नसते, त्यामुळे टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे भाग), पिस्टन, चेन यांचा आवाज सरळ बाहेर पडतो. होंडाच्या व्हीएफआर750 मध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारे फिरते दांडे) चेनऐवजी गिअरने फिरतात, त्यामुळे तिचा सूंऽऽ असा आवाज जन्मापासूनचा आहे. त्यात टुरिंग गाडीची फेअरिंग आणि विंडस्क्रीन इंजिनाचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाकडे परतवते. नवी, उंच काच बसवली आणि दुसऱ्या दिवशी 'इंजिन वाजायला लागले' असे होऊ शकते.

म्हणून गाडी ठणठणीत असतानाच तिचा आवाज ओळखून ठेवा. थंड इंजिन, गरम इंजिन, आयडलवर, थोडी रेस देऊन, असा प्रत्येक वेळचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवलात तर पुढे शंका आल्यावर तुलना करायला काहीतरी हाताशी असेल. वर्षानुवर्षे एकसारखा येणारा आवाज मला फारसा घाबरवत नाही. गेल्या महिन्यात नव्हता आणि आता आहे, त्याची मात्र चौकशी झालीच पाहिजे.

कोणता आवाज आला की गाडी तिथल्या तिथे बंद करायची?

खोल, जड ठोका. इंजिनाच्या तळातून येणारा, रेस दिल्यावर किंवा चढावर वाढणारा, पायाच्या फूटपेगमध्येही जाणवणारा. हा बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा किंवा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मेन बेअरिंगचा असतो. क्लच दाबा, किल स्विच बंद करा आणि गाडी गडगडत बाजूला घ्या. 'पुढच्या गावापर्यंत हळूहळू नेतो' हा विचार मनातून काढा. बेअरिंगची शेल (आतले पातळ अस्तर) एकदा पुसली गेली की रॉडला हालचालीला जागा मिळते. प्रत्येक फेरीगणिक तो क्रँकपिनवर आपटतो आणि शेवटी रॉड तुटून केसिंग फोडून बाहेर येऊ शकतो. आता थांबलात तर कदाचित शेल बदलून आणि क्रँक ग्राइंड करून भागेल. नंतर थांबलात तर इंजिनच बदलावे लागेल.

ऑइलचा दिवा लागला तरीही लगेच बंद. एकाएकी मोठी धातूची खडखड सुरू झाली आणि त्याबरोबर गाडीची ताकद गेली, तरीही. फक्त दिवाच लागला असेल तर ऑइलची पातळी पाहा. ऑइल कमी असेल तर भरा आणि इंजिन सुरू करून दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो का ते बघा. पातळी बरोबर असूनही दिवा तसाच राहिला तर गाडी टोइंगने न्या.

हलकी, एकसारखी टिकटिक असेल तर प्रवास पुरा करता येईल का?

ती वाढत नसेल, ऑइलची पातळी बरोबर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सहसा करता येतो. दर वेळी पेट्रोल भरताना ऑइल पाहा, रेस कमी ठेवा आणि परत आल्यावर लगेच तपासा.

तपासाला सुरुवात कुठून करायची?

ऑइलपासून. हत्यारांची पेटी उघडण्याआधी पातळी पाहा, तीही मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे. काही गाड्यांत मेन स्टँडवर सरळ उभी करून, काहींत इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, तर काहींत डिपस्टिक आट्यांत न फिरवता नुसती टेकवून मापतात. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी पाहून लोक फसतात.

पातळी कमी असेल तर अर्धे उत्तर मिळाले. ती वाढलेली असेल तर ते जास्त गंभीर आहे. ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट व्हॉल्व्ह (पेट्रोल थांबवणारी झडप) नीट बसत नाही आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये उतरते आहे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही आणि सगळे इंजिनच खडखडू लागते. अशा गाडीला स्टार्टर मारूही नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असेल तर पिस्टन वर येताना ते दाबले जात नाही, स्टार्टर धप्प करून अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, सिलिंडर रिकामे करा, फ्लोट व्हॉल्व्ह दुरुस्त करा, ऑइल आणि फिल्टर बदला आणि मगच सुरू करा.

ऑइल ठीक असेल तर कागद घ्या आणि उत्तरे लिहा. आवाज थंड इंजिनात येतो की गरम? आयडलवर येतो की रेस देताना, की रेस सोडताना? क्लच दाबल्यावर बदलतो का? गाडी उभी असताना येतो की चालतानाच? हे लिहून होईपर्यंत बऱ्याचदा निम्म्या शक्यता बाद झालेल्या असतात.

आवाज इंजिनाचाच आहे हे कसे ओळखायचे?

रिकाम्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाने दोन वेगळ्या गिअरमध्ये चालवून पाहा. समजा ताशी 60 किलोमीटरला चौथा आणि मग तिसरा. गिअर बदलल्यावर आवाजाची लय बदलली तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. लय तीच राहिली तर तो चाकाशी बांधलेला आहे. मग चाकाचे बेअरिंग, चेन, स्प्रॉकेट, शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट किंवा मागचा ड्राइव्ह बघा. सुरक्षित जागी क्लच दाबून गाडी गडगडू दिली तरी आवाज त्याच लयीत चालूच राहिला, तर इंजिनाला हात लावायची गरज नाही.

याशिवाय जुन्या गाडीत ढिल्या गोष्टींची कमतरता नसते. सायलेन्सरवरचे हीट शील्ड, आत तुटलेली बॅफल, फेअरिंगचे ब्रॅकेट, क्रॅश गार्डचे बोल्ट, इंजिन माउंटिंग. एका ठरावीक रेसलाच झणझण येत असेल तर इंजिन त्या रेसवर ठेवून, हातमोजा घालून एकेक भाग दाबून पाहा. फिरते आणि तापलेले भाग सोडून. हात ठेवल्यावर आवाज थांबला की दोषी सापडला.

हेडमधून टिकटिक येते. टॅपेटच असेल ना?

शक्यता मोठी, पण खात्री नव्हे. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. 1000 आरपीएमला क्रँक सेकंदाला साधारण 17 फेऱ्या मारतो आणि एक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण आठ वेळा उघडतो. म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाज संथ वाटतो आणि क्रँकच्या बाजूचा त्याच्या दुप्पट घाईचा. कान थोडा सरावला की आयडलवर हा फरक कळू लागतो.

टॅपेटची सर्वांत चांगली नक्कल एक्झॉस्ट गळती करते. हेड आणि पाइप यांच्यामधले गॅस्केट बसले किंवा स्टडचे नट ढिले झाले की प्रत्येक स्ट्रोकला गॅस फुस्सकन बाहेर येतो आणि फेअरिंगमागून ऐकला की तो हुबेहूब टिकटिकतो. थंड इंजिनात तो जास्त असतो आणि पाइप तापून फुगला की कमी होतो. फ्लँजभोवती काजळीचे काळे पट्टे दिसले तर हीच गोष्ट. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचे तोंड जाड कापडाने क्षणभर अर्धवट दाबले तर गळती मोठ्याने फुसफुसते. स्पार्क प्लग ढिला असेल तरीही असाच आवाज येतो, आणि प्लग तपासायला एक मिनिट लागते.

हे दोन्ही बाद झाले की मग टॅपेट कव्हर काढा. गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, इंजिन पूर्ण थंड असतानाच मापायचा. अनेक मॅन्युअलमध्ये 35 अंश सेल्सिअसखाली असे स्पष्ट लिहिलेले असते. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉप डेड सेंटरला (सगळ्यात वरच्या जागी) आणा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्हला दाबणारे हात) हलके हलतात हे बघा आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचे माप) सरकवा. मॅन्युअलमध्ये 0.10 मिलिमीटर दिले असेल तर 0.10 ची पट्टी किंचित चिकटत, पण न अडकता सरकली पाहिजे आणि तिच्यापुढची जाड पट्टी आत जाता कामा नये. जुन्या इंजिनात एक फसवणूक होते ती नीट लक्षात घ्या. रॉकरवरच्या गॅप लावायच्या स्क्रूचे टोक वर्षानुवर्षे व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून झिजते आणि त्यात छोटी खळगी पडते. सपाट पट्टी त्या खळगीवरून आडवी जाते आणि गॅप बरोबर दाखवते, पण खरा गॅप खळगीइतका जास्त असतो. गॅप बरोबर लावूनही टिकटिक गेली नाही तर स्क्रू काढून त्याचे टोक बघा.

आणि आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा मुक्या टॅपेटला जास्त भ्या. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जाते तसा गॅप वाढत नाही, कमी होतो. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सीटला टेकूनच थंड होत असतो. ते टेकणे कमी झाले की त्याची कड जळते. इंजिन या काळात अगदी शांत चालते. 'आवाज येतो म्हणून टॅपेट टाइट करून घेतले' हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. गॅप कानाने लावायचा नसतो, फिलर गेजने लावायचा असतो.

माझ्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट आहेत. मग टिकटिक का?

होंडा गोल्ड विंग जीएल1500 (1988 ते 2000) सारख्या गाड्यांत ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप शून्य राहतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टॅपेटमधले ऑइल निथळते आणि सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक येते. तेवढे चालते. ती थांबतच नसेल तर ऑइलची पातळी बघा. पातळी फार कमी असली तरी आणि फार जास्त असली तरी ऑइलमध्ये हवेचे बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांनी टॅपेट भरत नाही. जुने, घट्ट झालेले ऑइल हेही नेहमीचे कारण. ऑइल-फिल्टर बदलून, चांगली मोठी फेरी मारून मग निर्णय घ्या.

सकाळी पहिल्यांदा सुरू केली की एक-दोन सेकंद खळखळ येते आणि जाते.

कॅम चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी चेन) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर हे पहिले संशयित. चेन ताणली जाते, तिची गाइड झिजते आणि टेन्शनरची दांडी तेवढी पुढे सरकत नाही किंवा मागे घसरते. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर दाब तयार होईपर्यंत चेन सैल हलते, आणि थोडी खळखळ तिथे अपेक्षित असते. स्वस्त ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहू न देणारी झडप नीट नसेल तर हा वेळ वाढतो. निव्वळ फिल्टर बदलून सकाळची खळखळ गेल्याची उदाहरणे आहेत.

खळखळ गरम इंजिनातही येत असेल, मधल्या रेसवर किंवा रेस सोडताना जास्त होत असेल, तर टाळू नका. चेनने एक दात जरी सोडला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचे वेळापत्रक बिघडते, आणि बऱ्याच इंजिनांत ते एकमेकांवर आदळू शकतात. हार्ले-डेव्हिडसनच्या 1999 ते 2006 च्या ट्विन कॅम टुरिंग गाड्यांत स्प्रिंगने दाबलेले टेन्शनर शू (चेनवर दाबून बसणाऱ्या पट्ट्या) झिजतात आणि त्यांचा चुरा ऑइलमध्ये जातो, ही जगजाहीर गोष्ट आहे. 2007 पासून त्यांत हायड्रॉलिक टेन्शनर आले. अशी गाडी वापरलेली घेताना आवाज असो-नसो, कव्हर उघडून शू बघा.

स्वतः काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. ऑटोमॅटिक टेन्शनरचे दोन बोल्ट नुसते ढिले करून पुन्हा आवळू नका. ढिले होताच आतली दांडी पूर्ण बाहेर येते, आणि तसेच आवळले तर ती चेनला प्रमाणाबाहेर ताणते. टेन्शनर पूर्ण काढा, दांडी आत बसवून लॉक करा आणि मग बसवा. तो बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका.

माझ्या गाडीत चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे.

1975 च्या गोल्ड विंग जीएल1000 पासून जीएल1500 पर्यंत आणि होंडा एसटी1100 मध्येही बेल्ट आहेत. 2001 च्या जीएल1800 ला चेन आली. बेल्ट बहुतेक वेळा काही न बोलता तुटतो, त्यामुळे आवाजाची वाट पाहण्यात अर्थ नाही. बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर किलोमीटर न बघता बदला. पुढच्या कव्हरमधून घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो बेल्टच्या टेन्शनर पुलीच्या बेअरिंगचा असू शकतो. बेल्ट बदलताना पुलीही हाताने फिरवून पाहा. ती खरखरली तर तीही बदला.

न्यूट्रलमध्ये खडखड येते, क्लच दाबला की बंद होते.

अशा आवाजाने घाबरून इंजिन उघडणारे बरेच आहेत, आणि त्यातल्या अनेकांचे काम कार्ब्युरेटरवरच भागले असते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि त्यावरचे गिअर फिरत असतात. क्लच दाबला की ते थांबतात आणि क्लच बास्केटवरही (क्लचच्या प्लेट ज्यात बसतात त्या डब्यावरही) दाब येतो. म्हणजे आवाज क्लच बास्केट, तिच्या डॅम्पर स्प्रिंग किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूच्या बेअरिंगमधून आहे.

पण त्याआधी हे बघा. चार सिलिंडरच्या गाडीत कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळलेले नसतील तर प्रत्येक सिलिंडर वेगळ्या जोराने ढकलतो. आयडलवर क्रँक झटके देत फिरतो आणि ते झटके क्लच बास्केट व प्रायमरी चेनमध्ये (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनमध्ये) खडखड करतात. व्हॅक्यूम गेज लावून कार्ब्युरेटर सिंक्रोनाइझ केले, म्हणजे एकमेकांशी जुळवले, आणि आयडल मॅन्युअलप्रमाणे ठेवले की अनेकदा हा आवाज निम्म्याहून कमी होतो. जुन्या चार-सिलिंडर गोल्ड विंगमध्ये प्रायमरी चेनचा आयडलवरचा आवाज याच पद्धतीने आटोक्यात येतो. त्यानंतरही उरलेला खडखडाट बास्केटचा समजा.

उलट प्रकार असेल, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (क्लच मोकळा करणारे बेअरिंग) बघा. ड्राय क्लचच्या (ऑइलमध्ये न फिरणाऱ्या क्लचच्या) काही गाड्यांत मात्र क्लच दाबल्यावर प्लेट मोकळ्या होऊन वाजणे हे नेहमीचेच असते.

थंडीत ठकठक, गरम झाल्यावर गायब. हे काय?

पिस्टन स्लॅप. झिजलेल्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टन थोडा डुलतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की ॲल्युमिनियम फुगते, जागा भरते आणि आवाज विरतो. दोन-तीन मिनिटांत जात असेल, ऑइल जळत नसेल, तर सुरू केल्याबरोबर जोरात रेस न देता सावकाश चालवत राहा. गरम झाल्यावरही राहत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर सिलिंडर मापून रीबोअरचा (सिलिंडर मोठा करून नवा पिस्टन बसवण्याचा) विचार करावा लागेल.

सामान आणि मागे सोबती असताना चढावर खडखड येते, सपाटीवर नाही.

डब्यात खिळे हलवल्यासारखा पातळ, धातूचा आवाज असेल तर हे नॉकिंग आहे. स्पार्कने पेटलेली ज्वाला पोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेटते. वरच्या गिअरमध्ये कमी रेसवर जोर लावल्याने ते हमखास होते. आधी गिअर उतरवा. तेवढ्याने गेले तर बहुतेक सवयीचा प्रश्न होता. तरीही राहिले तर पेट्रोलचा ऑक्टेन, पिस्टनवर साचलेला कार्बन, इग्निशन टायमिंग आणि कमी पेट्रोल देणारे जेट या क्रमाने जा. प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून पाहा. चमकदार बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम असू शकते, आणि तेव्हा गाडी चालवणे थांबवायचे.

रॉडचे बेअरिंग, पिस्टन पिन आणि मेन बेअरिंग यांत फरक कसा करायचा?

तीन जागा, तीन स्वभाव. पिस्टन पिनचा (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचा) आवाज तीक्ष्ण, बऱ्याचदा जोडीने येणारा आणि आयडलवर स्पष्ट. रॉडचा ठोका रेस स्थिर धरून अलगद सोडताना, म्हणजे भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो त्या क्षणी ठळक. मेन बेअरिंगची खोल घरघर कमी रेसवर जास्त भार आला की. क्रँक रोलर बेअरिंगवर फिरत असेल तर ठोक्याआधी बराच काळ गुरगुर येते.

अनेक सिलिंडरच्या गाडीत एकेक सिलिंडर बंद करून ऐकता येते. इंजिन थांबवा, एका सिलिंडरची प्लग कॅप काढा, तिच्यात जुना प्लग बसवा आणि त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवा. कॅप नुसती लोंबकळत ठेवली तर इग्निशन कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते. सुरू करून ऐका. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नसल्याने रॉडवरचा भार उतरतो. ठोका एकदम कमी झाला तर दोष तिथेच. चाचणी काही सेकंदांचीच ठेवा, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जात असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीवर ही चाचणी करूच नका.

ऑइलचा दिवा लागत नाही. म्हणजे प्रेशर चांगले आहे?

तसे म्हणता येत नाही. तो दिवा एका साध्या स्विचवर चालतो आणि दाब फारच खाली गेल्यावरच लागतो. बेअरिंगला पुरेसा दाब मिळत नसतानाही दिवा विझलेला राहू शकतो. संशय असेल तर स्विचच्या जागी गेज लावा, इंजिन पूर्ण तापवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. रोलर बेअरिंगच्या इंजिनांत दाब मुळातच कमी असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

ऑइल बदलताना चमचम दिसली. घाबरू का?

काय चमकते त्यावर आहे. मॅग्नेटवाल्या ड्रेन प्लगवर बोटाला लागणारी राखाडी, लोण्यासारखी पेस्ट नेहमीची असते. खरे उत्तर फिल्टरमध्ये असते. डब्याचा फिल्टर हॅक्सॉने कापू नका, करवतीचाच चुरा आत जातो. फिल्टर कापायचे गोल कटर वापरा. आतला कागद कापून काढा, कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून ऑइल निथळू द्या आणि पांढऱ्या कागदावर घडी-घडी उलगडून चांगल्या उजेडात बघा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मॅग्नेट वरून फिरवा. चिकटणारे काटे किंवा खपल्या पोलादाच्या, म्हणजे गिअर, रोलर, कॅम किंवा चेन. न चिकटणाऱ्या रुपेरी पापुद्र्या पिस्टनच्या किंवा केसिंगच्या ॲल्युमिनियमच्या असू शकतात, आणि बेअरिंग शेलचा वरचा थरही तसाच दिसतो. तांबूस-सोनेरी कण बुशचे, नाहीतर शेलचा वरचा थर संपून खालचे तांबे उघडे पडल्याचे. खोल ठोका आणि तांबूस कण एकत्र सापडले तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. काळ्या-तपकिरी प्लॅस्टिकचे किंवा रबराचे तुकडे चेन गाइडचे. ते सापडले तर संपची (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या जागेची) जाळीही साफ करा, कारण हे तुकडे ऑइल पंपाची वाट अडवतात.

शिट्टी, सूं-सूं, घरघर असे आवाज?

पाण्याच्या पंपाचे बेअरिंग घरघरते, आणि पंपाच्या खालच्या छोट्या छिद्रातून कूलंट गळत असेल तर संशय पक्का. आयडल वरखाली होत शिट्टी वाजत असेल तर इनटेकच्या रबरातून हवा ओढली जाते आहे. स्टार्टर सोडल्यावर कर्कश खरखर येत असेल तर स्टार्टर क्लच. रेसप्रमाणे चढणारी सूं अल्टरनेटरच्या बेअरिंगची असू शकते.

स्टेथोस्कोप नसेल तर?

लांब स्क्रू ड्रायव्हर चालतो. टोक केसिंगवर, मूठ कानापुढच्या हाडाला. आवाजाची जागा शोधताना एका सिलिंडरच्या बिंदूची दुसऱ्या सिलिंडरच्या त्याच बिंदूशी तुलना करा, कारण धातूतून आवाज दूरवर जातो आणि एकाच जागी ऐकले तर सगळेच बिघडलेले वाटते. गॅस किंवा हवेची गळती शोधायला रबरी नळी चांगली, एक टोक कानाजवळ आणि दुसरे संशयित सांध्याभोवती. सैल बाह्या, ओढणी, लांब केस आवरून घ्या. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. बंद खोलीत इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एअर-कूल्ड इंजिन उभ्या-उभ्या दहा मिनिटे चालू ठेवायचे असेल तर समोर पंखा लावा.

जाड ऑइल किंवा ॲडिटिव्ह टाकले तर आवाज जाईल का?

कमी होईल, आणि त्रास तिथूनच सुरू होतो. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका जाड ऑइलमध्ये बुजतो आणि झीज चालूच राहते. शिवाय थंड सकाळी जाड ऑइल कॅमपर्यंत पोचायला उशीर लागतो. क्लच ऑइलमध्येच फिरत असेल तर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 चिन्हाचेच ऑइल वापरा. घर्षण कमी करणाऱ्या ॲडिटिव्हने क्लच घसरू लागतो. विकायच्या आधी जाड ऑइल भरणारेही असतात, म्हणून वापरलेली गाडी घेताना कोणते ऑइल भरले आहे ते विचारा आणि इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून ऐका.

कॉम्प्रेशन टेस्टने आवाजाचे कारण कळते का?

ठोक्याचे नाही, व्हॉल्व्ह आणि रिंगचे कळते. लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे, त्याहून बोलकी आहे. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

मेकॅनिककडे नेताना काय सांगू?

निदान सांगू नका, लक्षणे सांगा. 'टायमिंग चेन गेली आहे, बदला' म्हटले तर तो चेन बदलून देईल. त्याऐवजी आवाज कधीपासून आहे, थंड इंजिनात की गरम, कोणत्या रेसला, क्लचने काय होते, ऑइल शेवटचे कधी आणि कोणते बदलले, टॅपेट कधी मापले होते, हे द्या. मोबाइलचे रेकॉर्डिंग सोबत ठेवा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. मोबाइल मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, त्यामुळे साधी टिकटिकही भयानक ऐकू येते. रेकॉर्ड करताना मोबाइल दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावर धरा. आवाज फक्त थंड इंजिनात येत असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी त्याच्यासमोर पहिल्यांदा सुरू करा.

दुरुस्ती झाली, आवाज गेला. पुढे काय बघायचे?

इंजिन उघडले असेल तर काही शे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टरही कापून पाहा. आधीच्या बिघाडाचा राहिलेला चुरा त्यात सापडेल, नवा चुरा तयार होतो आहे का तेही कळेल. एक्झॉस्ट गॅस्केट बदलले असेल तर दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा टॉर्कने आवळा. टॅपेटचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मापाल तेव्हा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा भराभर टाइट होत असेल तर तो त्या वहीतच दिसेल, कानाला मात्र काहीच कळणार नाही.